डबल-क्लिक केलं की स्क्रिप्ट चालावी, एवढंच मागणं आहे

कळफलक
नमस्कार मंडळी, प्रश्न छोटासाच आहे पण दोन दिवस डोकं खातोय.

निवृत्त झाल्यापासून बाबांना फोटो काढायचा नाद लागलाय. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि वर्ष-महिन्याच्या फोल्डरांत लावायचे हे काम इतके दिवस माझ्या गळ्यात होतं. शेवटी वैतागून पंचवीसेक ओळींची एक बॅश स्क्रिप्ट (कॉम्प्युटरने ओळीने पाळायच्या आज्ञांची फाइल) लिहिली. माझ्या लॅपटॉपवर टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकायच्या काळ्या खिडकीतून, लोण्यासारखी चालते. मग तीच त्यांच्या मशीनवर डेस्कटॉपवर ठेवली (दोन्हीकडे उबुंटू लिनक्स आहे) आणि सांगितलं की कार्ड घातलं की यावर डबल-क्लिक करायचं, बस्स.

त्यांनी केलं. तर ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. मला फोन, "अरे तुझं ते पत्र उघडलं, वाचून काढलं, आता पुढे काय?" मी म्हटलं काही नाही, बंद करा.

तर डबल-क्लिक केल्यावर ती उघडण्याऐवजी चालावी यासाठी काय करायचं? टर्मिनल उघडा वगैरे सांगू नका, ते होणार नाही.

खिडकीवाला
सोपं आहे. विंडोज टाका. :)
(पळतो आता)

जुनंखोड
खिडकीवाले, धागा सुरू होऊन चार मिनिटं नाही झाली.

कळफलक, दोन गोष्टी बघा. फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये परवानग्यांच्या इथे 'प्रोग्रॅम म्हणून चालवू द्या' अशा अर्थाची खूण असते, ती केलीये का? तेच काम टर्मिनलमधून सीएचमॉड प्लस एक्सने होतं. आणि स्क्रिप्टची पहिली ओळ शबँगची आहे ना? म्हणजे हॅश, उद्गारचिन्ह आणि मग बॅशचा पत्ता. ही ओळ बघूनच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ठरवतो की फाइल कुणाच्या हवाली करायची. १९८० पासूनची युनिक्समधली सोय आहे, डेनिस रिचींनी आणलेली.

आणि हो, बाबांच्या मशीनवर ती एकदा टर्मिनलमधून चालवून बघितली का?

निमूट
+१ शबँग.

कळफलक
शबँग आहे. प्लस एक्स मात्र राहिलं होतं, ते आत्ता लांबून त्यांच्या मशीनमध्ये शिरून दिलं. तरी डबल-क्लिकवर एडिटरच उघडतोय! टर्मिनलमधून चालते हो, माझ्याकडे रोजच चालवतो.

टंकनिका
एडिटरच उघडणार, कारण ग्नोमवाल्यांनी (उबुंटूचा डेस्कटॉप त्यांचा) तसं मुद्दाम ठरवलंय. पूर्वी फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये पर्याय असायचा, स्क्रिप्टवर डबल-क्लिक केलं तर चालवायची, दाखवायची की विचारायचं. तो त्यांनी काढून टाकला. नव्या आवृत्त्यांत राइट-क्लिक केलं की मेनूत 'रन ॲज अ प्रोग्रॅम' दिसतं, पण तेही एक्झिक्युट बिट, म्हणजे तेच प्लस एक्स, दिलेला असेल तरच. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरत असाल तर त्याचा फाइल मॅनेजर डॉल्फिन अजून विचारतो, उघडू की चालवू.

तुमच्या बाबांसाठी खरं उत्तर म्हणजे लाँचर करा. डॉट डेस्कटॉप शेपटाची एक साधी टेक्स्ट फाइल. पहिल्या ओळीत चौकटी कंसात डेस्कटॉप एंट्री, खाली टाइप म्हणजे ॲप्लिकेशन, नेम म्हणजे जे नाव दिसायला हवं ते, एक्झेक म्हणजे स्क्रिप्टचा पत्ता आणि टर्मिनल म्हणजे ट्रू. पत्ता अगदी मुळापासून पूर्ण लिहायचा, होम फोल्डरची नागमोडी खूण तिथे चालत नाही. मी एकदा ती खूण टाकून अर्धी रात्र घालवलीये. फाइल डेस्कटॉपवर ठेवून तिच्यावर राइट-क्लिक आणि 'अलाऊ लाँचिंग', की झालं.

अजून एक गंमत, नेमच्या पुढे चौकटी कंसात एमआर लिहून मराठी नावही देता येतं. सिस्टिमची भाषा मराठी असेल तर तेच दिसेल. नसेल तर सरळ मूळ नावच देवनागरीत लिहा, काही बिघडत नाही.

अर्धवट
मी वरचं सगळं देवनागरीतच टंकलं. चालत नाहीये.

टंकनिका
@अर्धवट, तुमचं आयडी उगाच नाही. शब्द मी वाचायला देवनागरीत लिहिलेत, फाइलमध्ये रोमनमध्येच टंकायचे.

खिडकीवाला
परत आलो, यावेळी शहाण्यासारखं बोलतो. विंडोजमध्ये हे सोपं आहे असं मी म्हटलं ते अर्धसत्य. बॅट फाइल डबल-क्लिकवर चालते, खरंय. पण पॉवरशेलची (विंडोजच्या नव्या आज्ञा-खिडकीची) स्क्रिप्ट, डॉट पीएसवन, तिच्यावर डबल-क्लिक केलं की नोटपॅड उघडतं! म्हणजे बाबांना तिथेही पत्रच दिसलं असतं.

हेही मुद्दाम केलेलं आहे. २००० सालच्या मे महिन्यातला लव्ह लेटर व्हायरस आठवतोय का कुणाला? ईमेलला जोडलेली फाइल, नावात आधी टीएक्सटी आणि त्याच्या मागे व्हीबीएस. शेपूट लपवायची सवय असल्यामुळे विंडोज फक्त टीएक्सटी दाखवायचं, लोकांना वाटायचं साधं पत्र आहे. डबल-क्लिक केलं की स्क्रिप्ट चालायची आणि ॲड्रेसबुकातल्या सगळ्यांना स्वतःला पाठवून मोकळी. त्यामुळे २००६ मध्ये पॉवरशेल आलं तेव्हाच डबल-क्लिकने चालवायचं नाही असं ठरलेलं होतं. वर एक्झिक्युशन पॉलिसी नावाचं आणखी एक कुलूप. त्यातून वाट काढायची तर शॉर्टकट करून त्यात पॉवरशेलचं नाव, बायपासचा पर्याय आणि मग फाइल, असं लिहावं लागतं. बॅट फाइलमधून पॉवरशेलला हाक मारणं हा त्याचाच गरिबाघरचा प्रकार.

शंकासूर
मला मूळ गृहीतकच पटलेलं नाही. बाबांना टर्मिनलमध्ये एक शब्द टाइप करायला शिकवायला किती वेळ लागेल? दहा मिनिटं. त्याऐवजी लाँचर, परवानग्या, कुलपं... आपणच ज्येष्ठांना कमी लेखतो की यांना जमणार नाही. माझी आई सत्तरीत टर्मिनल वापरते.

कळफलक
@शंकासूर, कमी लेखत बिखत नाही हो. बाबांनी आयुष्यभर प्रुफं तपासली आहेत, एकेका वेलांटीवरून लेखकांशी भांडलेला माणूस आहे, बुद्धी माझ्यापेक्षा जास्त. पण काळ्या खिडकीत हात घालायचा नाही हे त्यांनी ठरवलंय, आणि त्यांनी एकदा ठरवलं की विषय संपला. तुमच्या आईंना नमस्कार.

निमूट
"काळ्या खिडकीत हात घालायचा नाही" :)

सफरछंद
मॅकवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कुणीतरी शोधत इथे येईलच. स्क्रिप्टचं शेपूट डॉट एसएच ऐवजी डॉट कमांड करा आणि प्लस एक्स द्या. डबल-क्लिकवर टर्मिनल उघडून त्यात चालते. नेटवरून उतरवलेली असेल तर पहिल्यांदा मॅकचा पहारेकरी गेटकीपर आडवा येतो, स्वतः लिहिलेलीला काही म्हणत नाही. टर्मिनलची खिडकी नकोच असेल तर ऑटोमेटरमध्ये 'रन शेल स्क्रिप्ट' टाकून ॲप म्हणून सेव्ह करा, मग डॉकमध्येही बसतं. एकच सांभाळा, डॉट कमांड सुरू होते ती होम फोल्डरमध्ये, स्क्रिप्ट जिथे आहे तिथे नाही.

अर्धवट
रच्याकने, डबल-क्लिकवरून आठवलं. आमची मावशी सगळ्यावरच डबल-क्लिक करते. लिंकवर, बटणावर, मेनूवर. आणि लगेच काही दिसलं नाही की परत दोनदा. तिला मी बॅकअपची स्क्रिप्ट करून दिली होती, ती एका वेळी तीनदा चालू झाली आणि तिघी एकाच फोल्डरात लिहीत बसल्या. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू येत होता.

जुनंखोड
@अर्धवट, त्याला कुलूप हवं. स्क्रिप्टने सुरुवातीलाच एमकेडीआरने (फोल्डर करायची कमांड) ठरलेल्या नावाचं फोल्डर करायचा प्रयत्न करायचा, आधीच असेल तर एमकेडीआर नकार देतो, मग स्क्रिप्टने मुकाट बाहेर पडायचं. संपताना फोल्डर काढायचं, ते ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट बाहेर पडताना चालणारी ओळ) लिहिलं म्हणजे मध्येच बंद पडली तरी निघतं. लिनक्सवर याचसाठी असलेली एफलॉक कमांड आणखी नीट.

आळशी_जीव
कळफलक, अख्ख्या पंचवीस ओळी कशाला? एक्झिफटूल या फोटोंतली माहिती वाचणाऱ्या टूलची एक ओळ पुरते. फोटो काढल्याची तारीख फोटोतच असते, तिच्यावरून डिरेक्टरी ठरव आणि तारखेचा साचा वर्ष-तिरपी रेघ-महिना ठेव, एवढं त्याला सांगितलं की तो फोल्डर करून फोटो हलवून देतो. मेसेजिंग ॲपवरून आलेल्या फोटोंत ती तारीख बहुधा नसते, ते तेवढे मागे राहतात.

आणि माझ्या मते क्लिकच नको. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, टाका, दर दहा मिनिटांनी कार्ड आहे का बघेल. बाबांना पत्ताही लागणार नाही.

कळफलक
@आळशी_जीव, एक्झिफटूलच वापरलंय, बाकीच्या ओळी कार्डावरचे फोटो उतरवायला आणि 'कार्ड घातलंय का', 'इतके फोटो लावले' असे निरोप दाखवायला आहेत. क्रॉन नको. पत्ता न लागता काही झालेलं त्यांना अजिबात चालत नाही, फोटो कुठे गेले म्हणून मलाच फोन येईल.

जुनंखोड
आता जरा लांबण लावतो, कारण पुढे हेच येणार आहे.

टर्मिनलमधून चालणं आणि डबल-क्लिकने चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रिप्ट तीच, पण भोवतालचा संसार वेगळा. टर्मिनलमध्ये तुम्ही आधी सीडी करून फोल्डरात जाता, मग चालवता. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये नुसतं फाइलचं नाव असलं तरी ती सापडते. लाँचरवरून सुरू झालेली स्क्रिप्ट बहुतेक वेळा होम फोल्डरमध्ये उभी असते आणि तिथे ती फाइल नसते. म्हणून सुरुवातीलाच स्क्रिप्टने स्वतःच्या फोल्डरात जावं, डिरनेमला डॉलर शून्य (स्क्रिप्टचं स्वतःचं नाव) देऊन मिळतो तो पत्ता, भोवती अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर फोल्डरच्या नावात एक मोकळी जागा आली की गेलं.

दुसरं म्हणजे पाथ, कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी. मी काही छोटी टूल्स होममधल्या एका फोल्डरात ठेवतो आणि त्याचा पत्ता बॅशआरसीमध्ये, म्हणजे बॅशच्या सेटिंगच्या फाइलीत, घातलाय. टर्मिनल उघडलं की बॅशआरसी वाचली जाते. डबल-क्लिकने सुरू झालेली स्क्रिप्ट ती वाचतच नाही. त्यामुळे टर्मिनलमध्ये सगळं गोड, आणि लाँचरवरून 'कमांड नॉट फाउंड'. पायथनवाल्यांचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही तसंच, तिथे सरळ त्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्यायचा, ॲक्टिव्हेट करायच्या भानगडीत पडायचं नाही.

तिसरं, स्क्रिप्ट कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवू नका. फॅट फाइलसिस्टिममध्ये एक्झिक्युटची परवानगी लिहून ठेवायला जागाच नाही. सीएचमॉड कुरकुर न करता परत येतो आणि काही बदललेलं नसतं.

खिडकीवाला
@जुनंखोड, विंडोजमध्येही तंतोतंत हेच. बॅट फाइल नुसती डबल-क्लिक केली तर स्वतःच्या फोल्डरात सुरू होते. तीच 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केली की सिस्टिम३२ मध्ये उभी राहते! माझ्या एका स्क्रिप्टमध्ये 'या फोल्डरातल्या सगळ्या लॉग फाइली पुस' अशी ओळ होती. कुणीतरी तिला ॲडमिन म्हणून चालवलं. पुढचं सांगत नाही. तेव्हापासून पहिली ओळ सीडी, तिरपी रेघ डी आणि टक्का-नागमोड-डीपी-शून्य. हात आपोआप टंकतात.

वाचनमात्र
बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिला प्रतिसाद. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून लिनक्सवर नेली तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर येतं. मग 'बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल' अशी ओरड होते. बॅश तर समोर दिसतोय, मग नाही कसा? कारण ते अक्षर त्याच्या नावाला चिकटलेलं असतं. डॉसटूयुनिक्स फिरवलं की जातं. मला हे कळायला आठवडा लागला होता.

कळफलक
सगळ्यांचे आभार. टंकनिकाताईंच्या सांगण्याप्रमाणे लाँचर केला, अलाऊ लाँचिंग दिलं, नाव 'फोटो लावा' ठेवलं. बाबांनी डबल-क्लिक केलं. काळी खिडकी चमकली आणि गेली. फोटो जिथल्या तिथे. पुन्हा केलं, पुन्हा चमकली. बाबा म्हणाले विजेसारखं झालं.

दोन्ही मशीन उबुंटू, त्यामुळे न दिसणारं अक्षर नसणार. एक्झिफटूल तिकडेही नीट बसवलंय. माझ्याकडे तोच लाँचर चालतोय. आता काय?

टंकनिका
स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत नुसतं रीड लिहा. म्हणजे एंटर दाबेपर्यंत खिडकी थांबेल आणि काय ओरडतेय ते वाचता येईल.

खिडकीवाला
आमच्याकडे पॉझ. जगातल्या निम्म्या बॅट फाइलींची शेवटची ओळ.

कळफलक
रीड टाकलं. बाबांनी खिडकीतलं सगळं फोनवर वाचून दाखवलं, स्वल्पविराम-अपूर्णविरामांसकट. सुरुवातीलाच, लाइन ४, फोटो, कमांड नॉट फाउंड. त्याखाली फाइली हलवणारा एमव्ही म्हणतोय की तारांकित-डॉट-जेपीजी नावाची फाइलच नाही.

माझ्या स्क्रिप्टमध्ये फोटो नावाची कमांड नाहीये! फोटो हा व्हेरिएबल आहे, चौथ्या ओळीत त्यात कार्डाचा पत्ता ठेवलाय. आणि माझ्याकडे चालतेय!!

निमूट
चौथ्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा आहे का?

कळफलक
नाही हो, इतकं तर मला कळतं. बॅशमध्ये तिथे जागा सोडली की तो पहिल्या शब्दाला कमांड समजतो.

थांबा.

कळफलक
मंडळी, मी त्यांच्या मशीनवरची फाइल उघडली.

बरोबरच्या प्रत्येक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा. सगळीकडे. सुबक.

बाबांना फोन केला. विचारलं, पहिल्या दिवशी ते पत्र उघडलं तेव्हा काही बदललंत का? म्हणाले, "बदललं काही नाही, चिन्हांना चिकटून मजकूर होता तेवढा मोकळा केला. असं छापायला द्यायचं नसतं. बंद करताना सेव्ह करू का विचारलं, हो म्हटलं."

अर्धवट
हहपुवा. खुर्चीतून पडलो.

टंकनिका
हाहाहा! आणि आपण इकडे ग्नोमला नावं ठेवतोय.

जुनंखोड
हसून झालं की हे वाचा, कारण तुम्ही थोडक्यात वाचलात. चौथी ओळ फसली तेव्हा फोटो हा व्हेरिएबल रिकामा राहिला. मग सीडीला रिकामा पत्ता मिळाला, स्क्रिप्ट होम फोल्डरमध्येच थांबली आणि बॅश तसाच पुढे गेला, कारण एक ओळ फसली म्हणून तो थांबत नाही. एमव्ही होम फोल्डरवर चालला! तिथे एकही जेपीजी नव्हता म्हणून नुसती ओरड झाली. असते तर ते भलतीकडे गेले असते.

शबँगच्या खाली सेट, वजा ईयू लिहा. ई म्हणजे काही फसलं की थांब, यू म्हणजे न भरलेला व्हेरिएबल दिसला की थांब. मात्र मध्येच थांबली तर शेवटचं रीड गाठलं जाणार नाही, म्हणून रीड ट्रॅपमध्ये घाला, एक्झिटवर. आणि स्क्रिप्ट डेस्कटॉपवरून उचलून आत कुठेतरी ठेवा, तिथे फक्त लाँचर राहू दे. लिहायची परवानगीही काढून टाका, वाचणं आणि चालवणं पुरे.

दुसऱ्याच प्रतिसादात विचारलं होतं मी, बाबांच्या मशीनवर टर्मिनलमधून चालवून बघितली का म्हणून.

कळफलक
@जुनंखोड, विचारलं होतंत. मी माझ्या मशीनबद्दल उत्तर दिलं. कान पकडतो.

शंकासूर
म्हणजे बाबांनी स्वतः होऊन एडिटरमध्ये कोड सुधारला आणि सेव्ह केला. आणि यांना टर्मिनल जमणार नाही म्हणे.

निमूट
पायथनमध्ये लिहिली असती तर त्या जागा चालल्या असत्या. उलट तिथे त्या सोडाव्यात असाच संकेत आहे.

अर्धवट
पायथनमध्ये त्यांनी परिच्छेदाचे समासही सारखे केले असते.

कळफलक
अपडेट. स्क्रिप्ट आत हलवली, सेट वजा ईयू घातलं, ट्रॅप घातला, डेस्कटॉपवर फक्त 'फोटो लावा' ठेवलं. आज दुपारी बाबांनी कार्ड घालून डबल-क्लिक केलं, खिडकी उघडली, ओळी सरकल्या, २१४ फोटो जागच्या जागी. एंटर दाबून खिडकी त्यांनीच बंद केली.

जागा काढायला त्यांच्या फाइलची माझ्या फाइलशी ओळीने ओळ तुलना केली. सगळ्या जागा काढल्या. पण विसाव्या ओळीत, शेवटी जो निरोप येतो तिथे, मी 'काम पुर्ण झाले' लिहिलं होतं. त्यांनी त्यातला पु दीर्घ केलाय. तो तसाच ठेवलाय, आणि माझ्या लॅपटॉपवरच्या प्रतीतही दुरुस्त केला.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. @खिडकीवाला, माझी बॅट फाइल डबल-क्लिकवर नोटपॅडमध्येच उघडतेय, आयकॉनही टेक्स्टचाच दिसतोय, हे का?

खिडकीवाला
शेपूट लपलेलं असेल. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइलनेम एक्सटेन्शन्स दाखवायला सांगा. नाव डॉट बॅट डॉट टीएक्सटी निघणार, पैज लावतो.

वाचनमात्र
निघालं. :(